काचेच्या वाटीतला वास

१

मी तेलं तपासते. खायची नव्हेत, वासाची. लॅव्हेंडर, जिरॅनियम, वाळा, गवती चहा, निलगिरी. कुणीतरी कुठेतरी पानाफुलांचा अर्क काढतो, त्याची बोटभर बाटली आमच्याकडे येते, आणि त्यात नेमकं काय काय आहे ते मी कागदावर लिहून देते. एकोणीस वर्षं हेच करते आहे.

काम ऐकायला जड वाटतं, पण तसं सोपं आहे. तेलाचा एक थेंब म्हणजे ऐंशी-शंभर पदार्थांची गर्दी. ती गर्दी आम्ही केसाइतक्या बारीक, साठ मीटर लांब नळीतून पाठवतो. नळीचं वेटोळं भट्टीत गरम होत असतं. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीनं चालतो आणि आपल्या ठरलेल्या मिनिटाला दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. बाहेर पडला की कागदावरच्या रेषेला सुळका येतो. या सुळक्याला सगळे 'पीक' म्हणतात, त्यामुळे माझा नवरा दर आठवड्याला विचारतो, "काय, यंदा पीकपाणी कसं?" एकोणीस वर्षांत त्याला या विनोदाचा कंटाळा आलेला नाही.

रोज सकाळी साडेनऊच्या ठोक्याला पहिली सुई मी नुसत्या स्वच्छ द्रावाची टोचते. त्यात तेलाचा अंशही नसतो. यंत्राच्या पोटात कालचं काही उरलेलं नाही ना, एवढंच बघायचं. सुरुवातीला द्रावाचा एक सुळका येतो, मग तासभर सपाट रेषा. ती बघितली की मला बरं वाटतं. घर झाडून झाल्यावर वाटतं तसं.

त्या सोमवारी रेषा सपाट आली नाही. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, अगदी शेवटाला, एक लहानसा सुळका होता.

तसं होतं कधीकधी. मी कागदावर पेन्सिलीनं गोल केला आणि कामाला लागले.

२

मंगळवारी मी रबराची चकती बदलली, काचेची नळकांडी बदलली, द्रावाची नवी बाटली फोडली. सुळका पुन्हा आला. पण अठ्ठावन्नला नाही, एक्कावन्नला.

बुधवारी चव्वेचाळीसला.

नळी जुनी झाली की पदार्थ लवकर बाहेर पडायला लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण मग सगळेच लवकर पडतात. मी लॅव्हेंडर टोचून पाहिलं. त्यातले सगळे सुळके आपापल्या जागी होते, मिनिटाच्या शंभराव्या भागाचाही फरक नव्हता. एवढा एकच रोज सात मिनिटं आधी येत होता. आणि रोज थोडा उंच.

संगणकात तीन लाख पदार्थांची यादी आहे. तिच्याशी जुळवून पाहिलं, तर एकाशीही मेळ बसेना.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्र बनवणाऱ्यांच्या माणसाला बोलावतो, पण तो सोमवारशिवाय यायचा नाही, तोवर तुमच्या पद्धतीनं चालवा. त्यांची चूक नव्हती. हातात अकरा नमुने होते.

संध्याकाळी भाजी निवडताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या आगारात वेळापत्रकं लावतो. त्याला रसायन कळत नाही, पण उशीर आणि लवकर हे फार चांगलं कळतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाकीच्या गाड्या वेळेवर, आणि एकच गाडी रोज सात मिनिटं आधी येते?"

"हो."

"मग ती जोरात चालत नाहीये. ती रोज जवळच्या थांब्यावरून सुटते आहे."

एवढं बोलून त्यानं मटार सोलायला घेतले. मी मात्र बराच वेळ एकच शेंग हातात धरून बसले होते.

३

आमच्याकडे यंत्राखेरीज आणखी एक तपासनीस होते. मास्तर. आडनावानं त्यांना कुणीच हाक मारत नसे. साठीला आलेले, अंगानं किडकिडीत, बायकोमुलांचा व्याप नसलेले, आणि नाक असं की बाटलीचं बूच उघडायच्या आत तेल कुठल्या वर्षीचं ते सांगत. मला वास घ्यायला त्यांनीच शिकवलं. दोन लहान श्वास, मग एक लांब. "कुत्रं घेतं तसा घ्यायचा. लाज वाटू द्यायची नाही."

यंत्राच्या उजव्या अंगाला त्यांची जागा होती. नळीतून बाहेर पडणाऱ्या वाफेचा निम्मा भाग यंत्र मोजतं, निम्मा एका काचेच्या वाटीत येतो. वाटी नाकावर बसेल अशा आकाराची. नाक कोरडं पडू नये म्हणून तिच्यात जराशी दमट हवा सोडलेली असते. मास्तर वाटीत नाक घालून तासभर बसत. वास आला की हातातलं बटण दाबत आणि एक शब्द सांगत. लिंबाची साल, ओलं लाकूड, कापूर. कागदावर सुळक्यांच्या खाली त्यांच्या बटणाच्या खुणा उमटत.

गुरुवारी मी त्यांना नुसत्या द्रावाला बसवलं. विचारलं काही नाही, सांगितलंही नाही. सुळका सदतिसाव्या मिनिटाला येईल असा माझा अंदाज होता आणि बरोबर सदतिसाव्या मिनिटाला बटण वाजलं. मी पेन घेऊन शब्दाची वाट बघत होते.

"माणूस," मास्तर म्हणाले.

घामासारखा का, केसांसारखा का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. डोळे मिटलेलेच होते. "आताच खुर्चीतून उठून गेलेला माणूस. खुर्ची अजून कोमट आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

४

शुक्रवारपासून मास्तर वाटीपासून हलेनासे झाले. डबा तिथेच खायचे. नमुने संपले तरी बसून राहायचे. मला त्यांचं वागणं खटकत होतं, पण आणखीही एक गोष्ट खटकत होती. त्यांनी त्या दिवशी गवती चहाला 'लिंबू' म्हटलं, जिरॅनियमला 'गुलाब' म्हटलं. बरोबरच होतं, पण असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मास्तर कधीच पुस्तकातलं बोलत नसत.

शनिवारी मी एक पाप केलं. बाटलीत नुसतं पाणी भरलं, वर वाळ्याची चिठ्ठी चिकटवली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी बूच काढलं. दोन लहान, एक लांब. "छान आहे. मातीचा वास खोल उतरलाय."

माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना समजलं. त्यांनी बूच परत लावलं, बाटली नीट रांगेत ठेवली, आणि खिडकीकडे तोंड करून सगळं सांगितलं. सात महिन्यांपूर्वी साधा ताप आला होता. ताप गेला, त्याच्याबरोबर वासही गेला. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, येईल. मग जेवणाची चव गेली. घरात गॅस चालू राहिला तो कळला नाही, शेजारणीनं दार ठोठावलं म्हणून वाचले. इथे ते माझे कागद आधी बघून घेत आणि सुळक्यांवरून शब्द सांगत. चाळीस वर्षांच्या आठवणीवर सात महिने निभावून नेले होते.

"मग गुरुवारी?" मी विचारलं.

"तेवढा एकच येतो गं मला," मास्तर म्हणाले. "अख्ख्या जगात तेवढा एकच. तू तो बंद करायला निघाली आहेस हे कळतंय मला. चूक नाही तुझी. पण आंधळ्याला एकच दिवा दिसत असेल, तर तो कशाचा आहे हे तो विचारत बसत नाही."

मला रडू आलं ते त्यांच्यासाठी की माझ्या पाण्याच्या बाटलीसाठी, कोण जाणे. मी साहेबांना काही सांगणार नाही असं कबूल केलं. बदल्यात यंत्र दुरुस्त होईपर्यंत वाटीपाशी बसायचं नाही, असं त्यांनी कबूल केलं. आमच्यातल्या एकानंच शब्द पाळला.

५

रविवार सुट्टीचा गेला. सोमवारी सकाळी आठलाच यंत्रवाल्यांचा इंजिनिअर आला. जाडजूड, आनंदी माणूस. यंत्राशी आणि माझ्याशी तो एकाच सुरात बोलत होता. त्यानं झाकण काढलं, सगळे सांधे तपासले, नळीची दोन्ही टोकं सोडवली आणि वेटोळं उचलून टेबलावर ठेवलं. टोकांना रबराची टोपणं लावली. म्हणाला, मॅडम, नळीच खराब आहे, उद्या नवी आणतो, तोवर चहा पाजा.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. इंजिनिअर त्याच्या मुलीच्या परीक्षेचं सांगत होता. आणि दाराआडून बटण वाजलं.

टिक टिक. मग जरा थांबून, टिक.

मी आत गेले. मास्तर वाटीत नाक घालून बसले होते. वाटीला जोडलेली काचेची पोकळ काडी यंत्राच्या भिंतीत शिरत होती आणि भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. भट्टी थंड होती. नळी टेबलावर पडली होती.

"मास्तर, नळी जोडलेली नाही."

"दिसतंय मला," ते डोळे न उघडता म्हणाले. "नऊ एकोणचाळीस. बघ तू घड्याळ."

साडेनऊनंतर नऊ मिनिटं. शनिवारी तेवीस होती. रविवारी आम्ही कुणीच नव्हतो, तरी तेवढं अंतर कापून झालं होतं.

मी त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः वाकले. काडीत जुना अंश राहिला असेल, दमट हवेला बुरशी आली असेल, असं मनात म्हणत होते. दोन लहान, एक लांब.

मास्तरांचं वर्णन अचूक होतं. कोमट अंथरूण, उशीवरचे केस, अंगात दिवसभर घातलेली लोकर. घाण काही नव्हती त्यात. घरातलंच कुणीतरी वाटावं असं. फक्त ते कोण, हे आठवत नव्हतं, आणि आठवेपर्यंत तिथेच थांबावं असं वाटत होतं. इंजिनिअरनं मागून हाक मारली तेव्हा मी दचकले. तो म्हणाला, मॅडम, चहा कधीचा निवून गेला. मला वाटलं होतं, मी एकच श्वास घेतला.

मी भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं, हवेची चावी आवळली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दिवसभर मी एकाच आकड्याभोवती फिरत होते. नऊमधून सात गेले, दोन. पण साठ मीटरच्या नळीतून नुसत्या हवेलाही बाहेर यायला तीन मिनिटं लागतात. हवेच्या आधी काहीच बाहेर येऊ शकत नाही. दोन मिनिटांवर येणारी वस्तू नळीतून चालत येणारच नव्हती. ती दाराशीच असणार होती.

६

मंगळवारी नेमकी बस रखडली. नवऱ्याच्या आगाराचीच बस, पुढचं चाक बसलेलं. मी दोन थांबे पळत गेले. जिन्याच्या पायथ्याशी इंजिनिअर भेटला, काखेत नव्या नळीचा खोका. वर दार उघडंच होतं, आणि साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावर जिथे दुसरी किल्ली असते, तिथे रिकामा खिळा.

नऊ एकतीस झाले होते.

खोलीत दिवा नव्हता, पण खिडकीतून सकाळचं ऊन पडलं होतं. सगळं स्वच्छ दिसत होतं, हेच वाईट होतं. यंत्र बंद. हवेची चावी मी आवळली होती तशीच. मास्तर स्टुलावर, पाठ ताठ, नाक वाटीत, दोन्ही हात मांडीवर. बटण खाली पडलं होतं.

मी हाक मारली. ते हलले नाहीत. त्यांची छाती फुगत होती. दोन लहान, एक लांब. पुन्हा दोन लहान, एक लांब. मी चार वेळा मोजलं आणि मग लक्षात आलं की ते श्वास फक्त आत घेत आहेत. सोडत नाहीत.

वाटीच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. मी स्वतःला सांगितलं, ही मास्तरांचीच वाफ. पण ते श्वास सोडत नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत ती वाफ काचेवरून विरली, दोन लहान, एक लांब, आणि पुन्हा धरली. पलीकडचं जे काही होतं ते, मास्तरांनी मला शिकवलं तसंच, वास घेत होतं.

मी मास्तरांचे खांदे धरून ओढले. स्टूल उलथलं, आम्ही दोघंही आदळलो. वाटी उघडी पडली, आणि का ते मला आजही सांगता येणार नाही, पण ती उघडी ठेवायची नाही एवढंच मला वाटलं. मी तिच्यावर पंजा दाबला.

काच अंगाइतकी गरम होती. तळहाताला दमट ऊब लागली. मग तळहाताची कातडी आत ओढली गेली. थोडी, थोडी, आणि मग खूप वेळ.

"काडी मोडा," मी ओरडले.

इंजिनिअरनं काही विचारलं नाही. खोका टाकला, पुढे आला आणि दोन बोटांत काचेची काडी धरून कट्कन मोडली. क्षणभर त्या काडीच्या तोंडातून श्वास टाकल्यासारखी एक फुंकर आली. दमलेली. टेबलावरचा एक कागद हलला.

मग हात सुटला.

७

मास्तरांनी जमिनीवर पडल्या पडल्या श्वास सोडला. इतका लांब की मला वाटलं, संपलेच. मग ते खोकले, डोळे उघडले आणि माझं कोपर त्यांच्या बरगडीत रुतलंय अशी तक्रार केली. मी ते काढलं आणि तिथेच भिंतीला टेकून हसायला लागले. थांबताच येईना.

दवाखान्यात सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाल्या, भोवळ असेल, उपाशीपोटी होते का? इंजिनिअरचं म्हणणं पडलं की कुठेतरी दाब उलटा झाला असणार, होतं असं क्वचित. साहेबांनी अहवालात 'दाबातील बिघाड' लिहिलं आणि मी सही केली. माझ्या तळहातावरचा गोल वळ आठ दिवसांत गेला. काडीचं भोक बुजवून टाकलं, वाटी फोडून टाकली, नवी नळी बसवली. बुधवारी साडेनऊला मी नुसता द्राव टोचला आणि तासभर उभी राहिले. रेषा सपाट. गुरुवारी सपाट. आता महिने झाले, सपाटच आहे.

मास्तरांनी त्याच आठवड्यात साहेबांना नाकाचं खरं सांगितलं. साहेब म्हणाले की नव्या दोघी मुली रुजू होतायत, त्यांना शिकवायला नाकापेक्षा डोकं जास्त लागेल. मास्तर आमच्या घरी आले की जेवण बेचव लागतं म्हणून कुरकुरायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही एकदाच बोललो. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच बशी बाजूला ठेवली.

"इतके दिवस मला वाटत होतं, मी त्याचा वास घेतोय," ते म्हणाले. "शेवटी कळलं. तो माझा घेत होता. ओळख पटतेय का बघत होता."

"पटली?"

"तू ओढलंस ना आधी."

मग त्यांनी बशी पुन्हा उचलली.

मागच्या रविवारी सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. आवाज चिरका झाला होता, शब्द नीट फुटत नव्हते. मी नवऱ्याला हलवून उठवलं. आम्ही मिळेल त्या रिक्षेनं पोचलो तर मास्तर इमारतीखालीच उभे, पायजम्यावर, अनवाणी. समोर गटार तुंबून रस्त्यावर आलेलं. शेजारीपाजारी पदर आणि रुमाल नाकाला लावून लांबून जात होते. मास्तर एकटेच त्या घाणीच्या काठावर उभे होते, मान वर करून. गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय मेलेला वास सुटलाय गं," ते म्हणाले. "पहाटे झोपेतून उठवलं मला यानं."

नवऱ्यानं नाक दाबलं आणि हसत सुटला. मी मास्तरांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"शब्द सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. घाई केली नाही.

"कुजलेला कोबी. कपड्याचा साबण, निळा, वडीचा. आणि कुणीतरी रॉकेल ओतलंय, फार नाही, अर्धी वाटी असेल."

मी वाकून श्वास घेतला. तिन्ही होते.